खांद्याचं मलम

१२ जानेवारी

प्रिय छोटी,

तुझा फोन येऊन गेल्याचं कळलं. मी ग्रंथालयात होते. घरी असते तरी फार बोलले नसते. दिवसभर वाचून आल्यावर तोंड उघडावंसं वाटत नाही, हे तुला माझ्या लग्नाच्या वर्षापासून माहीत आहे. म्हणून पत्र. तू माझ्या पत्रांना हसतेस, तरी उत्तर देतेस, हे तुझे उपकार.

नवं पुस्तक घेतलंय. चार पिढ्यांची कादंबरी, उशीएवढी जाड. आमच्या अंध वाचकांनीच मागितली होती. ग्रंथालयाच्या मागे ती खोली आहे ना, भिंतींना काळा स्पंज लावलेली, तिथे मी, मायक्रोफोन आणि पाण्याचा पेला. काचेपलीकडे आमचा ध्वनिमुद्रक. त्याला सगळे कान म्हणतात. काल त्याने मध्येच हात वर केला. मी म्हटलं, काय चुकलं? म्हणाला, "बाई, पोटात कावळे ओरडतायत. ते पुस्तकात नाहीत. जेवून या."

आता तुझ्या दादाबद्दल. काचेच्या कामासाठी म्हणून तुझ्याकडे चार दिवस राहिला आणि परत आला तो निराळाच. आधीची दोन वर्षं तुला ठाऊक आहेत. कामावरून यायचा आणि बूटही न काढता खुर्चीत बसून राहायचा. विचारलं की "काही नाही". मी समजले, वय झालं. शेहेचाळीस हे काही वय नाही, पण काचा वाहणाऱ्या माणसाचं वय वेगळं मोजत असतील. आता शीळ घालतो. गॅलरीचं दार कित्येक वर्षं अडकत होतं, ते रंधा मारून सरळ केलं. परवा म्हणाला, "चल, पायी जाऊन येऊ." मी म्हटलं, कुठे? म्हणाला, "कुठेच नाही." आणि गेलोही.

तिकडून खांद्यासाठी एक मलम आणलंय त्याने. साध्या पांढऱ्या डबीत आहे, वर नाव ना गाव. दुकानदार स्वतःच बनवतो म्हणे. आधी न्हाणीघरात कडी लावून लावायचा. एक दिवस मी हातातून डबी काढून घेतली. नको नको करत होता. म्हटलं, पाठीला हात पोचतो का तुझा? बस खाली. तेव्हापासून रोज आंघोळीनंतर मीच चोळते. झालं की लगेच म्हणतो, "हात धू. साबणाने धू." मी म्हणते, विष आहे का? तर हसतो. मी कधी धुते, कधी विसरते.

खरं सांगू, छोटे, इतक्या वर्षांत तो माझ्यापुढे असा पाठ करून कधी बसला नव्हता. आम्हा दोघांना एकमेकांना जपून उचलायची सवय झाली होती, त्याच्या काचांसारखी. आता रोज थोडा वेळ ती सवय नसते.

तुझी वहिनी


३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दुकानात वाचलं, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी उभं राहून. कावळ्यांवर मोठ्याने हसले तर मालकाने मान वर करून पाहिलं. चष्म्याच्या दुकानाचा मालक, आणि रोज सकाळी आम्ही सगळे मिळून त्याचा चष्मा शोधतो.

दादा सुधारला हे वाचून किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. इथे आला त्या दिवशी माझ्या दारात बूट काढायला वाकला आणि त्याला उठता येईना. भिंतीला धरून उठला. तुला काही बोलले नव्हते. हवापालटाने फरक पडला असेल.

मलमाचं मला माहीत नाही. इथे असताना तो खांद्याचं काही बोलला नाही. बाजारात एकटा गेला असेल.

एक काम कर. पुढच्या महिन्यात त्याला दोन दिवस इकडे पाठव. आमच्या दुकानाची दर्शनी काच बदलायची आहे आणि मालक म्हणतो, तुमचा भाऊच हवा. टाळाटाळ करील. तू ढकल. नक्की ढकल.

तुझी छोटी


९ एप्रिल

प्रिय छोटी,

तुझा दादा काही तिकडे येत नाही. मी ढकललं. म्हणतो, बँकेच्या इमारतीचं काम हातात आहे. शिवाय, "त्या दुकानाची काच ठणठणीत आहे, छोटीला उगाच आठवण येते." तुम्ही भावंडं काय ते ठरवा.

मला सर्दी झालीय आणि ती जात नाही. सर्दी म्हणते खरं, पण नाक वाहत नाही, घसा दुखत नाही. फक्त आवाज खाली बसलाय. सकाळी पहिलं वाक्य वाचते तेव्हा खोलीत दुसरंच कुणी आहे असं वाटतं. कादंबरीतल्या आजीचं बोलणं झकास होतं. नातीचं काही केल्या जमत नाही. कान म्हणाला, "बाई, पोरगी विड्या ओढायला लागली." आम्ही हसलो. मग त्याने जानेवारीतलं एक प्रकरण लावलं आणि पाठोपाठ कालचं लावलं. मग नाही हसलो.

तोंडावर पुटकुळ्याही आल्यात, सोळाव्या वर्षी आल्या नव्हत्या इतक्या. आणि फेब्रुवारीपासून पाळी नाही. आईचीही लवकर गेली होती, तसंच असेल. पण मार्चमध्ये एक दिवस, तुला म्हणून सांगते, मी औषधाच्या दुकानातून ती तपासणीची पट्टी आणली. एक्केचाळिसाव्या वर्षी. तुझा दादा कामावर होता. पट्टी पाहिली, कागदात गुंडाळली आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. घरच्या डब्यात टाकवेना. त्याला सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा कशाला.

तो मात्र छान आहे. चेहरा लालबुंद, भूक चांगली. अधूनमधून डोकं दुखतं म्हणतो. फार काम झालं असेल त्या दिवशी मी मलमही जास्त घेते, दोन बोटं भरून. त्या मलमाची गंमत आहे. मलमासारखं चिकटत नाही. थंड लागतं, स्पिरिटचा वास येतो आणि बघता बघता सुकतं. त्याच्या पाठीवर सुकतं तसं माझ्या तळव्यांवरही.

तुझ्या ओळखीत घशाचा कुणी चांगला डॉक्टर आहे का?

तुझी वहिनी


१३ एप्रिल

दादा,

हे पत्र तुझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी नेऊ नकोस.

वहिनीचं पत्र आलं. तिचा आवाज बसलाय, पाळी थांबलीय, तोंडावर पुटकुळ्या आल्यात. तिला वाटतं सर्दी. खाली लिहिते की थंड लागणारं, स्पिरिटच्या वासाचं, लगेच सुकणारं एक मलम ती रोज तुला चोळते.

मी आधी समजले होते की मलम वेगळं आणि औषध वेगळं. दादा, तू ते जेलच डबीत काढून ठेवलंयस.

डॉक्टरांच्या खोलीत मी तुझ्या शेजारी बसले होते. तुझ्या शरीरात पुरुषांचं संप्रेरक बनत नाही, म्हणून बाहेरून द्यायचं, असं ते म्हणाले. बाटलीचा पंप दाबून दाखवला. रोज एवढंच, मोजून. स्वतःच्या हाताने लावायचं, हात साबणाने धुवायचे, सुकू द्यायचं आणि वर सदरा घालायचा. दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागू द्यायचं नाही, बायकामुलांच्या तर नाहीच नाही. आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण रक्त दाट होऊ शकतं. तू मान हलवत होतास. मला वाटलं ऐकतोयस.

चेहरा लाल आणि डोकं दुखतंय. मार्चमध्ये तू रक्त तपासायला यायला हवा होतास. काचेचा बहाणा मी त्यासाठी केला होता, आणि तो तू ओळखलास.

आजपासून तिचा हात त्याला लागता कामा नये. आणि तिला सांग. औषधाचं सांग, गालगुंडाचं सांग, आणि तिला घेऊन डॉक्टरकडे जा.

छोटी


२७ एप्रिल

छोटे,

पत्र मिळालं. वाचून फाडलं.

मला वाटलं होतं हात धुतले की झालं. मी रोज तिला सांगत होतो. बाटली घरात दिसली असती तर तिने वाचली असती. ती छापलेलं सगळं वाचते, साबणाचं वेष्टणसुद्धा. म्हणून डबीत काढलं.

आता मीच लावतो, कडी घालून. तिचा हात लागत नाही. महिन्या दोन महिन्यांत सगळं उतरेल. मग सांगायची गरजही राहणार नाही.

रागावू नकोस. तुला माहीत आहे म्हणून लिहितो. सतराव्या वर्षी गालगुंड झालं, सूज खाली उतरली, आणि सगळं तिथेच संपलं होतं. मला ते शेहेचाळिसाव्या वर्षी तुझ्या त्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा तू म्हणालीस, घाबरू नकोस, औषध आहे. मी औषधाचा विचार करत नव्हतो. तिने मुलासाठी जे उपचार घेतले त्यांचा करत होतो. गोळ्या, सुया, किती वर्षं. मी बाहेर बाकावर बसायचो. तुम्हीही तपासून घ्या म्हणाले होते. मी म्हटलं, काम आहे.

तिला अजून वाटतं उणीव तिच्यात आहे. एकदा म्हणाली होती, "तू मला कधी बोल लावला नाहीस." आमचा संसार त्या वाक्यावर उभा आहे. आता तिला काय सांगू?

थोडा वेळ दे. तूही आबांच्या हाताखाली काच कापायला शिकली होतीस. काचेवर हिरकणी एकदा ओढली की चीर मागे घेता येत नाही.

दादा


२८ जून

प्रिय छोटी,

तुझं पत्र बरेच दिवसांत नाही. मीच लिहिते.

ग्रंथालयाने मला सुट्टी दिलीय. सुट्टी हा त्यांचा शब्द. कादंबरी मध्येच अडकलीय, नात घर सोडून निघते तिथे. एका वाचकाचा फोन आला होता म्हणे, वाचणाऱ्या बाई आजारी आहेत का म्हणून. ती माणसं आवाज ओळखतात, आपण चेहरा ओळखतो तसा. त्यांच्यापुरती मी दिसेनाशी झालेय.

घशाच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. स्वरतंतू जाड झालेत म्हणाला. गप्प राहायला सांगितलं. घरात मी गप्प असले काय आणि नसले काय.

पुटकुळ्या गेल्या. पाळीही आली, म्हणजे ते काही संपलेलं नव्हतं. आवाज मात्र जिथे होता तिथेच आहे. आणि हनुवटीवर केस. मऊ नाहीत, राठ. सकाळी खिडकीपाशी आरसा नेऊन चिमट्याने उपटते.

हे सगळं सोसलं असतं. पण तुझा दादा आता पाठ देत नाही. एप्रिलच्या शेवटी एक दिवस मी डबी घेऊन बसले तर म्हणाला, "राहू दे, खांदा बरा आहे." बरा असेल तर उत्तमच. पण न्हाणीघराची कडी वाजते, तोच वास येतो, आणि तो गळ्यापर्यंत गुंड्या लावून बाहेर येतो. या उकाड्यात. मी जवळ गेले की भाजल्यासारखा सरकतो. मग त्याचं त्यालाच वाईट वाटतं आणि म्हणतो, "चहा टाकू का?" दिवसातून किती चहा प्यायचा माणसाने. हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो. घोरण्याचा त्रास नको तुला, म्हणतो. घोरतो तो लग्नाच्या दिवसापासून.

आरसा मीही पाहते, छोटे. त्याला माझी शिसारी येते. चांगला माणूस आहे म्हणून बोलत नाही. मूल झालं नाही तेव्हाही तो बोलला नव्हता.

तुझी वहिनी


६ जुलै

प्रिय वहिनी,

दादाला तुझी शिसारी येते हे डोक्यातून काढून टाक. एवढं मी छातीठोकपणे सांगते. कशावरून, ते विचारू नकोस.

घशाच्या डॉक्टरला पाळीचं, पुटकुळ्यांचं, केसांचं सांगितलंस का? नसशील तर जा आणि सांग. ही वेगवेगळी दुखणी नाहीत असं मला वाटतं.

हे पत्र पुन्हा पुन्हा लिहिलं आणि फाडलं. लहानच राहू दे. रविवारी फोन करते.

तुझी छोटी


१५ जुलै

छोटे,

रविवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा तुझा दादा न्हाणीघरात होता. फोन मी उचलला. "हॅलो" म्हटलं, एवढंच. डॉक्टरने कमी बोलायला सांगितलंय.

तू म्हणालीस, "दादा, तोंड उघडलंस की नाही अजून?"

मी आहे, असं सांगणार होते. पण तू थांबली नाहीस. "तिला वाटतंय तुला तिची शिसारी येते. ती आरशापुढे बसून केस उपटतेय आणि तू कडी लावून बसतोस. तुझं औषध तिच्या अंगात गेलं, तिचा आवाज गेला, आणि तू माझ्याकडे वेळ मागतोस. गालगुंडाचं कळलं म्हणून ती तुला टाकणार नाहीये. तुझ्यामुळे मूल झालं नाही हे कळलं तरी नाही. तिच्याशी लग्न तू केलंस, पण ओळखते मी."

मग म्हणालीस, "बोल ना."

मी फोन ठेवला. तुझा पुन्हा आला तो वाजू दिला.

मला आधी कशाचं वाईट वाटलं असेल? औषधाचं नाही. गालगुंडाचंही नाही. तू मला दादा समजलीस. अठरा वर्षं तू माझा आवाज ऐकते आहेस. आजारी असताना, रडताना, लांबच्या फोनवर खरखरीत ऐकला आहेस. एका हॅलोवर ओळखायचीस.

त्याला अजून काही विचारलेलं नाही. आधी तू लिही. कसलं औषध, कशासाठी, तुला कधीपासून माहीत होतं. काही वगळू नकोस. तोंडी ऐकायची ताकद नाही. वाचता येईल.

वहिनी


१८ जुलै

वहिनी,

तू म्हणालीस तसं लिहिते.

डिसेंबरमध्ये दादा माझ्याकडे आला तो काचेच्या कामाला नव्हे. त्याला थकवा होता, कशातच जीव नव्हता, आणि तुमच्या गावात कुणी पाहील म्हणून इथे तपासायचं होतं. रक्तात पुरुषांचं संप्रेरक जवळजवळ नव्हतं. सतराव्या वर्षी झालेल्या गालगुंडामुळे. मूल न होण्याचं कारणही तेच, असं डॉक्टर म्हणाले. मी तिथेच बसले होते. म्हणजे ते मला डिसेंबरपासून माहीत आहे.

औषध म्हणजे त्या संप्रेरकाचं जेल. खांद्यांना लावायचं, कातडीतून आत जातं. कातडी कुणाची हे त्याला कळत नाही. तुझ्या हातांतून तुझ्यात गेलं. नंतर धुऊन काय, चोळतानाच जात होतं. डबीत ते तेच आहे हे मला एप्रिलमध्ये तुझ्या पत्रावरून कळलं. तेव्हापासून मी त्याला सांग म्हणत होते आणि तुझ्याशी गप्प होते. त्याने शब्द मागितला नव्हता, मीच दिल्यासारखी वागले. तो सरकायचा ते यासाठी, की तुला आणखी लागू नये.

मी इथल्या डॉक्टरांना विचारून आले. तुझ्या अंगातलं आता निघून गेलं असेल, पाळी आली त्याअर्थी. केस हळूहळू कमी होतील, काही राहतील. आवाजाचं मी विचारलं. ते म्हणाले, थोडा सुधारेल कदाचित. पूर्वीचा येईल असं सांगू शकत नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तेच सांगितलं.

ग्रंथींच्या डॉक्टरकडे जा आणि सगळं सांग. त्यालाही ने. त्याने रक्त तपासलेलं नाही आणि तू दोन बोटं भरून लावत होतीस.

फोनवर मी ओळखायला हवं होतं.

छोटी


९ ऑगस्ट

छोटे,

मी कामावरून आलो तर तुझं पत्र टेबलावर उघडं होतं. ती म्हणाली, "बस." मी बसलो.

सांगायला लागलो तर म्हणाली, "ते वाचलंय. मी चोळत होते तेव्हा तुला माहीत होतं का, तेवढं सांग."

मी म्हटलं, "पहिल्यांदा नीट कळलं नव्हतं."

म्हणाली, "पहिल्यांदाचं नाही विचारत."

छोटे, मला तिचा हात आवडत होता. दुसरं काही नाही त्यात. उद्यापासून नको म्हणू, असं रोज ठरवायचो, आणि आंघोळ करून तिच्यापुढे जाऊन बसायचो.

मग तिने विचारलं, "मला आत सुया टोचत होते तेव्हा तू बाकावर काय करायचास?"

मी म्हटलं, "तुझी वाट बघायचो."

ती उठून आत गेली. रडली असती तर बरं झालं असतं. जेवण वाढलं तिने, माझं आणि तिचं, आणि मीठ दे म्हणाली.

डबी टाकून दिली. औषध बंद केलं त्याच दिवशी. तिचं इतकं गेल्यावर मी शीळ घालत हिंडायचं हे मला जमणार नाही. काल शिडीवर हात थरथरले. एक काच गेली. कुणाला लागलं नाही.

दादा


१४ ऑगस्ट

वहिनी,

तुला काही मागायचा हक्क मला राहिलेला नाही. तरी सांगते, कारण या वेळी गप्प बसणार नाही.

दादाने औषध सोडलंय. डॉक्टरला न विचारता, स्वतःला शिक्षा म्हणून. त्याचे हात थरथरतात आणि तो शिडीवर चढतो. त्याचं शरीर ते बनवत नाही, ते औषध त्याला लागतंच, फक्त मोजून आणि नजरेखाली. किती घ्यायचं, कधी थांबायचं हे त्याने ठरवायचं नाही.

तू नेऊ नकोस हवं तर. मी येते आणि नेते. एका ओळीत कळव.

छोटी


२० नोव्हेंबर

प्रिय छोटी,

उशिरा लिहिते. तुला एका ओळीत उत्तर पाठवलं होतं, "मी नेते", त्यानंतर आज.

नेलं. त्याला नेलं आणि मलाही दाखवलं, एकाच दिवशी, एकाच डॉक्टरबाईंकडे. आम्हाला शेजारी बसवून त्या बोलल्या. त्याचं रक्त दाट झालं होतं. काही आठवडे बंदच ठेवायला सांगितलं, मग पुन्हा तपासलं, मग आधीपेक्षा कमी मात्रा सुरू केली. त्याला म्हणाल्या, "तुम्ही लपवून घेतलंत, मग मनानेच सोडलंत. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीत." तो मान हलवत होता. मी म्हटलं, "मान हलवतो तेव्हा ऐकत नसतो तो. त्याच्या तोंडून वदवून घ्या." त्यांनी घेतलं. शाळेतल्यासारखं म्हणून दाखवलं त्याने सगळं.

आता बाटली फळीवर असते, नावाची बाजू पुढे. सकाळी स्वतः लावतो, पंप एकदा दाबून. हात धुतो. सुकेपर्यंत दोन्ही हात लांब धरून गॅलरीत उभा राहतो, बुजगावण्यासारखा, आणि तेवढ्यात गॅस पेटवू देत नाही, स्पिरिट आहे म्हणून. मग सदरा. त्याचा टॉवेल वेगळा, त्याची उशी वेगळी. संध्याकाळी खांदे धुतले की मी जवळ बसू शकते. डॉक्टरबाईंनी तसं मुद्दाम सांगितलं. रोज बसत नाही. कधी बसते.

उणीव माझ्यात नव्हती हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं ना? मीही वाट पाहिली. एवढंच झालं, की जुन्या आठवणी सगळ्या पुन्हा पाहाव्या लागतात, प्रत्येकीत तो बाहेर बाकावर बसलेला. त्याला माफ केलं का, असं तू विचारलं नाहीस, बरं केलंस. मी त्याला सोडून गेले नाही. सध्या एवढंच.

आवाजाचे व्यायाम करते. थोडा मोकळा झालाय. कालच फोनवर एक माणूस मला "साहेब" म्हणाला. मी दुरुस्त केलं नाही, माझं काम पटकन झालं. कादंबरीची राहिलेली प्रकरणं आता दुसरी मुलगी वाचते. चांगली आहे, घाई करते. कानाने मला तिच्याशेजारी बसवलंय, कुठे थांबायचं ते सांगायला. एका म्हाताऱ्या नाविकाचं आत्मचरित्र आलंय, ते मला देणार म्हणतो. वाचीन बहुतेक.

काल ग्रंथालयातून दुपारीच निघाले. दाराशी येऊन किल्ली कुलपात घातली तर आत कुणी बाई बोलत होती. मला वाटलं, पाहुणी आलीय. मग वाक्य ओळखलं. नात आजीला विचारत होती, तू तेव्हा काही बोलली का नाहीस? तुझ्या दादाने कानाकडून जानेवारीतली प्रकरणं मागून आणली होती. कधी आणली, कधी ऐकतो, मला माहीत नव्हतं.

मी किल्ली फिरवली नाही. जिन्यात पायरीवर बसले. वरच्या मजल्यावरच्या बाई जाता जाता म्हणाल्या, "किल्ली विसरलात का?" मी हो म्हटलं. प्रकरण संपेपर्यंत बसून राहिले. आत तो, बाहेर मी, आणि मध्ये ती वाचत होती.

फार छान वाचायची, छोटे. श्वास कुठे घेते ते कळायचंच नाही.

तुझी वहिनी